लग्नाच्या रंगीत बुकेसाठी फुलं निवडताना: फुलाचं नाव सगळ्यात शेवटी

रंगीत बुके बांधताना क्वचितच बिघडतो. तो बिघडतो यादी करताना. फोटोत आवडलेलं एक फूल आधी पक्कं होतं, मग त्याच्या जोडीला दुसरं, मग तिसरं. शेवटी हातात येतो तो सात रंगांचा गोंधळ, आणि त्यातली दोन-तीन फुलं समारंभ संपायच्या आतच माना टाकतात. इथे दिलेला क्रम नेमका उलटा आहे: आधी दिवस आणि परिस्थिती, मग आकार, मग रंग, मग प्रत्येक फुलाचं काम. फुलाचं नाव त्यानंतर. हा क्रम मोडला की पुढच्या टप्प्यावर अडकून मागे यावं लागतं आणि तोवर फुलांची ऑर्डर गेलेली असते.

मापं आणि आकडे नवरीने हातात धरायच्या, साधारण २५ सेंटिमीटर रुंदीच्या गोल बुकेचे आहेत.

टप्पा १: फुलांकडे बघण्याआधी लिहून काढायच्या गोष्टी

कागदावर पुढच्या गोष्टी आल्याशिवाय एकही फूल ठरवू नका.

१. तारीख. ट्युलिप, पिओनी, रॅननक्युलस, ॲनिमोन ही वसंतातली फुलं. डहलिया, झिनिया, सूर्यफूल उन्हाळ्यापासून शरदापर्यंतची. गुलाब, कार्नेशन, जरबेरा, शेवंती, ऑर्किड, ॲल्स्ट्रोमेरिया ही हरितगृहात वाढवली जात असल्याने बहुतेक वर्षभर मिळतात. हंगामाबाहेरचं फूल मिळालं तरी बहुधा लांबून आलेलं असतं. म्हणजे तुमच्या हातात येईपर्यंत त्याच्या आयुष्यातले काही दिवस खर्च झालेले असतात.

२. पाण्याबाहेरचे तास. हा आकडा जवळजवळ कुणीच काढत नाही. बुके पाण्यातून काढल्यापासून शेवटचा फोटो होईपर्यंतचे तास मोजा: प्रवास, तयारी, फोटो, समारंभ, भेटीगाठी. दोन तासांत आटपणार असेल तर बहुतेक फुलं चालतात. चार तासांच्या पुढे गेलं की नाजूक फुलांवर काट मारायची. सहाच्या पुढे फक्त टणक फुलं.

३. जागा आणि उजेड. समारंभ उघड्यावर आहे की बंद सभागृहात, दुपारी की दिव्यांच्या उजेडात? ऊन आणि वारा फुलांमधलं पाणी ओढून घेतात, पिवळे दिवे रंग बदलतात.

४. पोशाख. रंग, कापडाची चमक, नक्षीकाम. पांढराशुभ्र आणि मोतिया पांढरा हे दोन वेगळे रंग आहेत. कापडाचा तुकडा हाती असेल तर उत्तमच. फोटोवर विसंबू नका.

५. ॲलर्जी आणि वास. नवरीला, किंवा दिवसभर तिच्या शेजारी असणाऱ्यांपैकी कुणाला, परागकणांचा किंवा उग्र वासाचा त्रास होतो का ते विचारा. ओरिएंटल जातींची, उग्र वासाची लिली बंद खोलीत डोकं दुखवू शकते.

टप्पा २: आकार आणि वजन

बुकेची रुंदी कमरेच्या रुंदीहून फार जास्त नको. लहान चणीला २० ते २३ सेंटिमीटर पुरतात, मध्यम बांध्याला २५, उंच आणि घेरदार पोशाखाला २८ ते ३०. त्यापुढे गेलं की फोटोत बुकेच दिसतो, पोशाखाचं काम झाकलं जातं.

रंगीत बुके पांढऱ्यापेक्षा मोठा भासतो, कारण प्रत्येक रंग नजर अडवतो. म्हणून मनात जो आकार आहे त्यातून २-३ सेंटिमीटर कमी केले तर बिघडत नाही.

वजनाचं भान ठेवा. मोठी लिली, हायड्रेंजिया, पाण्याने भरलेले जाड दांडे यांनी बुके किलोच्या वर सहज जातो. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली कमरेच्या उंचीवर दहा मिनिटं धरून बघा. मनगट कुरकुरलं तर मुख्य फुलं कमी करायची आणि हलक्या भरावाची फुलं वाढवायची.

टप्पा ३: रंग

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई करू नका.

१. एक रंग प्रमुख ठरवा. रंगीत म्हणजे सगळे रंग सारख्या प्रमाणात, असं नाही. चार रंग प्रत्येकी पाव हिस्सा घेऊन बसले की नजर कुठेच टिकत नाही. साधारण अर्धा भाग एका रंगाच्या कुटुंबाला, पाव ते तिसरा हिस्सा दुसऱ्याला, उरलेल्यात एक किंवा दोन ठळक रंग. एकूण तीन ते पाच. सहावा रंग घ्यावासा वाटला तर आधीच्यांपैकी एक काढा.

२. प्रमाण मोजताना दांडे मोजू नका, दिसणारं क्षेत्र मोजा. एका मोठ्या गुलाबाचा रंग स्टॅटिसच्या (बारीक, कागदासारखी फुलं) चार-पाच दांड्यांइतकी जागा व्यापतो. सात कोरल (पोवळ्यासारखे गुलाबी-नारंगी) गुलाब आणि सात जांभळे स्टॅटिस म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे. तो कोरल बुके झाला.

३. रंगांचं नातं ठरवा. सोपा आणि भरवशाचा मार्ग म्हणजे रंगचक्रावर शेजारी बसणारे तीन रंग, उदाहरणार्थ कोरल, नारंगी, पिवळा, आणि त्यांच्या समोरच्या बाजूचा एक रंग थोडासा, उदाहरणार्थ जांभळा. दुसरा मार्ग: गुलाबी, राणी, मरून आणि त्यांना पिस्ता रंगाच्या हिरव्या फुलांची साथ. समोरासमोरचे दोन रंग समसमान घेतले की दोघे भांडतात. एकाला मोठा हिस्सा आणि दुसऱ्याला चिमूटभर, असंच ठेवा.

पानं हाही एक रंग आहे हे विसरायचं नाही. लाल फुलांना गडद हिरव्या पानांची जोड दिली की समोरासमोरचे दोन गडद रंग झाले. त्यात आणखी पिवळा आणि निळा घालणं जास्त होतं. करड्या-हिरव्या युकॅलिप्टसने तोच लाल शांत होतो.

४. फिका, मध्यम, गडद अशा तीनही पातळ्या असू द्या. रंग निरनिराळे पण खोली एकच, असं झालं की लांबून बुके सपाट दिसतो. कोरल, मध्यम गुलाबी आणि मध्यम जांभळा हे जवळून छान. पाच मीटरवरून त्यांचा एकच डाग होतो.

> तपासा: निवडलेल्या फुलांचा एकत्र फोटो काढून फोनवरच कृष्णधवल करा. राखाडीच्या तीन वेगळ्या छटा स्पष्ट दिसायला हव्यात. सगळं एकसारखं करडं दिसलं तर एक रंग जास्त फिका किंवा जास्त गडद घ्या. रंग बदलायची गरज नसते, छटा बदलली तरी भागतं.

५. पूल बांधणारं फूल शोधा. दोन रंगांमधलं अंतर जास्त असेल तर दोन्ही रंग स्वतःच्या अंगावर असलेलं एक फूल मध्ये घाला: पिवळ्या पाकळ्यांना नारंगी कडा असलेला गुलाब, गुलाबी-पिवळी ॲल्स्ट्रोमेरिया, जांभळी किनार असलेलं पांढरं लिझिअँथस. असं एखादं फूल नसलेला बुके नेहमी तुकड्यातुकड्यांत दिसतो.

६. पांढऱ्याबद्दल सावध. 'थोडं पांढरं घाला, सगळ्यांबरोबर जातं' हा सल्ला रंगीत बुकेला लागू नाही. गडद रंगांमध्ये दोन-चार पांढरी फुलं म्हणजे फोटोत दोन-चार भोकं. नजर आधी तिथेच जाते. पोशाख पांढरा असेल तर काठावरची पांढरी फुलं त्यात विरून जातात आणि बुकेची कड कुरतडल्यासारखी दिसते. पांढऱ्याऐवजी सायीचा किंवा फिका पीच घ्या. पांढरं हवंच असेल तर भरपूर घ्या आणि मध्यभागाकडे ठेवा.

७. उजेडाची परीक्षा. पिवळ्या दिव्यांत निळा अंश कमी असतो, त्यामुळे निळी आणि जांभळी फुलं मळकट दिसतात. गडद मरून तर रात्रीच्या फोटोत काळं पडतं. संध्याकाळच्या समारंभाला जांभळ्याऐवजी लव्हेंडर, मरूनऐवजी राणी. भडक लाल कॅमेऱ्याला त्रास देतो: पाकळ्यांच्या घड्या दिसेनाशा होऊन लाल गोळा उरतो. जराशी नारंगी किंवा गुलाबी झाक असलेला लाल जास्त चांगला येतो.

८. निळा हवा असेल तर. नैसर्गिक निळी फुलं मोजकीच: डेल्फिनियम, निळं हायड्रेंजिया, कॉर्नफ्लॉवर, एरिंजियम. गर्द निळा गुलाब, निळी शेवंती किंवा चकचकीत निळं डेन्ड्रोबियम दिसलं तर ते बहुधा रंगवलेलंच असतं.

> सावधान: रंगवलेल्या फुलाचा रंग घामाने आणि पाण्याने सुटतो. ओला पांढरा टिश्यू पाकळीवर आणि कापलेल्या देठाच्या टोकावर दाबून बघा. टिश्यूला रंग लागला तर ते फूल पोशाखाजवळ जाऊ देऊ नका.

९. रंगाच्या नावावर ऑर्डर देऊ नका. 'पीच' म्हटल्यावर एकाच्या मनात फिकट गुलाबी असतो, दुसऱ्याच्या मनात नारंगी. फोनचे पडदेही प्रत्येकाचे वेगळे. कापडाचा तुकडा, रंगाच्या दुकानातली छटापट्टी किंवा प्रत्यक्ष फूल, यांतलं काहीतरी समोर ठेवा. आणि जमलं तर फुलाच्या वाणाचं नाव लिहून घ्या.

टप्पा ४: कामं वाटून द्या

रंगांनंतरही नावांकडे जायचं नाही. आधी जागा ठरवायच्या.

* मुख्य फुलं, ५ ते ७. मोठी, गोल, लांबून ओळखू येणारी. प्रमुख रंग बहुधा यांच्याकडे.
* जोडफुलं, ८ ते १२ दांडे. मुख्य फुलांच्या निम्म्या ते पाऊण आकाराची. दुसरा रंग आणि पूल बांधणारं फूल इथे.
* ठळक ठिपके, ४ ते ८ दांडे. छोटी, उठावाच्या रंगाची.
* भराव, ३ ते ५ दांडे. जिप्सोफिला, सॉलिडॅगो यांसारखी विरळ, हलकी फुलं.
* पानं, ८ ते १० दांडे. दोन प्रकार पुरेत: एक रुंद, एक बारीक किंवा लोंबतं.

मुख्य फुलं विषम संख्येत घेतली की ती समोरासमोर जोड्या लावून बसत नाहीत.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळी फुलं एकाच आकाराची. गुलाब, कार्नेशन, लिझिअँथस, रॅननक्युलस ही चारही गोल आणि जवळपास सारखीच दिसणारी. रंग कितीही वेगळे असले तरी बुके चेंडूंची परडी वाटतो. त्यात एखादं चपट्या तोंडाचं फूल, एखादं लांब तुऱ्याचं आणि एखादं खरबरीत पोताचं आलं की जान येते. कोंबड्याच्या तुऱ्यासारखं सेलोसिया, काटेरी एरिंजियम किंवा बटणासारखी छोटी शेवंती पोतासाठी फार उपयोगी.

चपटी फुलं मात्र तीनच्या वर नकोत. जरबेरा सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि बाकीच्यांना मागे ढकलतात. ग्लॅडिओलसचा अख्खा दांडा हातातल्या गोल बुकेला लांब आणि जड पडतो. तुरा हवाच तर स्नॅपड्रॅगन, स्टॉक किंवा डेल्फिनियमचा वरचा भाग बघा.

टप्पा ५: आता नावं

रिकाम्या जागांची यादी हातात घ्या आणि टप्पा १ मधल्या तासांच्या आकड्याशी ताडून नावं भरा.

पाण्याबाहेर तग धरणारी: कार्नेशन, शेवंतीचे जवळपास सगळे प्रकार, डेन्ड्रोबियम आणि सिंबिडियम ऑर्किड, ॲंथुरियम, ॲल्स्ट्रोमेरिया, स्टॅटिस, सेलोसिया, एरिंजियम, जिप्सोफिला. पानांत रस्कस, लेदरलीफ फर्न, युकॅलिप्टस.

नीट पाणी पाजलं तर चालणारी: गुलाब, स्प्रे गुलाब (एका दांड्यावर अनेक छोटी फुलं), लिझिअँथस, लिली, सूर्यफूल, जरबेरा, रॅननक्युलस, स्नॅपड्रॅगन, पिओनी.

उन्हात किंवा लांबलेल्या समारंभात दगा देणारी: हायड्रेंजिया, डहलिया, स्वीट पी, कॉसमॉस, पॉपी. गार्डेनियाच्या पाकळ्या बोट लागलं तरी तपकिरी पडतात. ट्युलिप कापल्यावरही वाढत राहतं आणि उजेडाकडे वळतं, त्यामुळे रात्री नीट बसवलेलं फूल सकाळी बाकीच्यांच्या वर डोकावतं.

मुख्य फुलं शक्यतो पहिल्या दोन गटांतून घ्या. तिसऱ्या गटातलं एखादं अगदी मनापासून हवं असेल तर ते दोन-तीन दांड्यांपुरतं ठेवा आणि अशा जागी बसवा की कोमेजलं तर उपटून टाकता येईल. कार्नेशनला स्वस्त म्हणून नाकं मुरडली जातात. पण तीन-चार कार्नेशन डोक्याला डोकं लावून एकत्र बसवली की मोठ्या पिओनीसारखा भरगच्च झुबका होतो आणि दिवसभर टिकतो.

प्रत्येक नावापुढे एक बदली नाव आताच लिहा. त्याच दिवशी दुकानात उभं राहून ठरवलं की रंगसंगती हमखास मोडते.

| हवं ते | न मिळाल्यास |
|---|---|
| पिओनी | भरगच्च पाकळ्यांचा गार्डन गुलाब, किंवा तीन कार्नेशनचा झुबका |
| रॅननक्युलस | दुहेरी लिझिअँथस किंवा स्प्रे गुलाब |
| डहलिया | मोठी सजावटी शेवंती |
| डेल्फिनियम | स्टॉक, किंवा रंग तेवढा हवा असेल तर स्टॅटिस |
| हायड्रेंजिया | गुच्छदार शेवंती आणि जिप्सोफिला एकत्र |

बदली फूल निवडताना आधी रंगाची खोली जुळवा, मग आकार, मग जात. विक्रेते बहुधा जात जुळवून देतात: गुलाब संपले तर दुसरे गुलाब. कोरल गुलाबाला पर्याय कोरल जरबेरा हा लाल गुलाबापेक्षा बरा, हे आधीच सांगून ठेवा.

> सावधान: लिलीचे सगळे भाग मांजरांना घातक विषारी आहेत, परागसुद्धा. घरात मांजर असेल तर लिली यादीतून काढा. लिली ऑफ द व्हॅली आणि डेल्फिनियम विषारी आहेत. लहान मुलांच्या हातात द्यायच्या छोट्या गुच्छात ती नकोत. युफोर्बियाच्या दुधाळ चिकाने त्वचा आणि डोळे चुरचुरतात. ॲल्स्ट्रोमेरियाचा रस काहींच्या बोटांना खाज आणतो. बांधताना हातमोजे घाला.

टप्पा ६: दांड्यांचा हिशोब

कोरल प्रमुख असलेल्या २५ सेंटिमीटरच्या बुकेचा नमुना हिशोब:

| काम | फूल | दांडे |
|---|---|---|
| मुख्य | कोरल मोठे गुलाब | ७ |
| जोड | पीच लिझिअँथस | ५ |
| जोड आणि पूल | पिवळे-नारंगी स्प्रे गुलाब | ५ |
| गडद | राणी रंगाची कार्नेशन | ६ |
| ठिपके | जांभळं स्टॅटिस | ४ |
| भराव | सॉलिडॅगो | ३ |
| पानं | युकॅलिप्टस ४, रस्कस ४ | ८ |

एकूण ३८ दांडे. स्प्रे गुलाबाच्या एका दांड्यावर साधारण तीन ते पाच फुलं असतात, म्हणून दांडे पाचच असले तरी दिसणारी फुलं पंधरा-वीस होतात.

या संख्येवर गुलाब आणि लिझिअँथस २० टक्के जास्त घ्या, बाकीची १० टक्के. वाहतुकीत एखादी मान मोडते, एखादं फूल उमलतच नाही. फुलं बहुतेकदा जुडीने मिळतात. दहाच्या जुडीतून सात हवे असतील तर उरलेले तीन हाच तुमचा राखीव साठा. दोन छटांच्या दोन अर्ध्या जुड्यांपेक्षा एकाच छटेची पूर्ण जुडी घेतलेली बरी; छटांची मिसळ हवी असेल तर ती ठरवून करा.

टप्पा ७: नमुना बुके

समारंभाच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक प्रकारचे दोन-तीन दांडे आणून छोटा गुच्छ बांधा. तो पाण्याबाहेर तितकेच तास ठेवा, जितके टप्पा १ मध्ये लिहिले आहेत, आणि शक्यतो तशाच तापमानात. मधेमधे हातात घेऊन फिरा. टेबलावर निवांत पडलेलं फूल हातातल्यापेक्षा जास्त टिकतं.

फोटो तीन घ्या: दिवसाच्या सावलीत, पिवळ्या दिव्याखाली, आणि पोशाखाच्या कापडासमोर. मान टाकलेलं, कडा तपकिरी झालेलं किंवा पाकळ्या गाळणारं फूल आत्ताच बदला.

टप्पा ८: कधी आणायचं, ताजं कसं ओळखायचं

सगळी फुलं एकाच दिवशी आणणं ही चूक सर्रास होते. प्रत्येकाला उमलायला लागणारा वेळ वेगळा.

* लिली: ४-५ दिवस आधी, खालची कळी रंग दाखवू लागलेली. हिरव्या घट्ट कळ्या वेळेत उमलत नाहीत.
* पिओनी: २-३ दिवस आधी. कळी दाबल्यावर मऊ, पण उमललेली नको.
* गुलाब, कार्नेशन, शेवंती, ॲल्स्ट्रोमेरिया: २-३ दिवस आधी.
* लिझिअँथस, जरबेरा, सूर्यफूल, ऑर्किड: १-२ दिवस आधी.
* हायड्रेंजिया, डहलिया: आदल्या दिवशी. डहलिया कापल्यावर फारसं उमलत नाही, म्हणून पूर्ण उमललेलंच घ्या.

दुकानात बघायच्या खुणा:

गुलाबाच्या डोक्याचा खालचा भाग, देठाच्या अगदी वर, दोन बोटांनी हलकेच दाबा. टणक लागला तर ताजा. मऊ असेल तर वरून कितीही टवटवीत दिसो, घेऊ नका. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असतात. त्या आतल्या पाकळ्यांचं रक्षण करतात आणि शेवटी काढता येतात, त्यासाठी फूल नाकारू नका. उलट सगळ्या बाहेरच्या पाकळ्या आधीच सोललेला गुलाब जुना असण्याची शक्यता जास्त.

कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल मिटल्यासारखं दिसत असेल तर त्याला इथिलीन वायू (पिकणाऱ्या फळांतून सुटणारा) लागला आहे; ते परत उघडत नाही. जरबेराची मधली तबकडी घट्ट हवी, परागांची कडं बाहेरच्या एक-दोन ओळींतच दिसायला हवीत. दांडा आडवा धरल्यावर मान लुळी पडली तर सोडून द्या. शेवंतीत फुलाआधी पानं बघा, ती आधी पिवळी पडतात. ऑर्किडच्या पाकळ्यांत पारदर्शक, ओलसर डाग असतील तर त्याला थंडी बाधली आहे. लिझिअँथस आणि स्प्रे गुलाबात दांड्यावरची निदान दोन फुलं उमललेली असावीत. उरलेल्या कळ्यांवर हिशोब करू नका.

आणि बादलीत डोकवा. पाणी गढूळ, दांडे चिकट असतील तर त्या बादलीतलं कुठलंच फूल नको.

टप्पा ९: पाणी पाजणं

इथे आळस केला की आधीची सगळी निवड वाया.

१. बादल्या साबणाने घासून धुवा. बादलीतले जिवाणू देठाच्या नळ्या बुजवतात आणि फूल पाण्यात उभं राहूनही सुकतं.

२. पाण्याच्या पातळीखाली येणारी सगळी पानं काढा.

३. धारदार सुरीने किंवा कात्रीने देठाचं टोक २-३ सेंटिमीटर तिरकं कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. बोथट कात्री देठ चेंगरते.

४. पाण्यात फुलांसाठीची पूड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. निम्मी पूड घातली तर साखर पडते, पण जंतू आवरणारा भाग अपुरा राहतो. त्यापेक्षा साधं स्वच्छ पाणी बरं.

५. थंड, अंधाऱ्या जागी किमान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवा. पाणी रोज बदला.

अपवाद: जरबेराला ५-८ सेंटिमीटर पाणीच पुरे, जास्त पाण्यात त्याचा लवदार दांडा कुजतो. हायड्रेंजिया मलूल दिसलं तर डोक्यासकट अर्धा तास पाण्यात बुडवा, पाकळ्यांतूनही ते पाणी घेतं. डॅफोडिलचा चिकट रस इतर फुलांना मारतो; त्याला रात्रभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि नंतर देठ पुन्हा कापू नका. स्नॅपड्रॅगन सरळ उभंच ठेवा, आडवं ठेवलं की टोकं वर वळतात. लिलीचे परागकोश कळी उघडताच, बंद असतानाच, बोटांनी खुडा.

> सावधान: घरातल्या फ्रिजमध्ये फळांशेजारी फुलं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांच्या इथिलीनने कार्नेशन, डेल्फिनियम, ऑर्किड लवकर म्हातारी होतात. ऑर्किड आणि ॲंथुरियम १० अंश सेल्सिअसच्या खाली अजिबात नको.

टप्पा १०: बांधताना शेवटची चाळणी

बांधण्याआधी सगळी फुलं रंगांप्रमाणे टेबलावर ओळीने मांडा. इथे एखादा रंग ठरवल्यापेक्षा भडक निघाला तर त्याची संख्या कमी करा. ताजं आहे म्हणून कोंबू नका.

एक मुख्य फूल मध्यभागी धरून प्रत्येक पुढचा दांडा एकाच दिशेला तिरका लावत जा आणि गुच्छ हातात फिरवत राहा. गडद फुलं किंचित खोल, फिकी किंचित वर. ठळक रंगाचे ठिपके तीन वेगवेगळ्या ठिकाणी, त्रिकोणात. दर आठ-दहा दांड्यांनंतर आरशासमोर धरून बघा. वरून बघून बांधलेला बुके समोरून बोडका निघतो. पानं सगळ्यात शेवटी कडेला, पण दोन-चार आतही सोडा, नाहीतर ती गळपट्ट्यासारखी दिसतात.

दांडे आवळून बांधा आणि मुठीखाली ४-५ सेंटिमीटर राहतील इतके कापा. रिबन गुंडाळताना देठांची टोकं उघडी ठेवा, म्हणजे बुके समारंभाच्या अर्धा तास आधीपर्यंत पाण्यात उभा ठेवता येतो. पाण्यातून काढल्यावर देठ नीट पुसा. पोशाखावर पहिला डाग बहुधा इथूनच पडतो.

राखीव फुलांतली पाच-सहा पाण्याच्या बरणीत, छोटी कात्री आणि चिकटपट्टीसह सोबत न्या. पराग कापडावर सांडलेच तर पाणी लावू नका, चोळूही नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला आणि उरलेले कण झटकून टाका.